चार, चार

एकतीस वर्षं मी पत्रं वाटली
पिएलिनेन तळ्याच्या पूर्वेकडच्या काठानं.
पाकीट हातात घेतलं की कळायचं:
हे लग्नाचं, हे वसुलीचं,
हे पेटीत टाकू नये, दार वाजवून द्यावं.

माझं आलं तेव्हा हाताला काहीच कळलं नाही.
पाकीट नव्हतंच. जोएन्सूच्या दवाखान्यात एक पडदा,
त्यावर एक ओळ, ओळीखाली डॉक्टरीणबाईंचं बोट.
चार. चार.
एक आईकडून, म्हणाल्या, एक वडिलांकडून.
हा धोका आहे, निकाल नव्हे.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या: धोका आहे, निकाल नव्हे.
कुणी एकच गोष्ट दोनदा सांगितली की मला धडकी भरते.

आईचं माहीतच होतं.
शेवटची तीन वर्षं ती मला ओळखत नव्हती,
माझं निळं जाकीट ओळखायची.
"काही पत्र आहे का?"
मी पिशवीत हात घालून काहीतरी द्यायचे,
दुकानाची जाहिरात, बियाण्यांची यादी.
ती चष्मा न लावता वाचायची.
"इल्पोचं आहे," म्हणायची. "बरा आहे तो."
इल्पो शेजारच्याच खोलीत असायचा.

पण बाबा?
बाबांचं नाव ओन्नी. आमच्याकडे त्याचा अर्थ नशीब.
एकोणचाळिसाव्या वर्षी, मार्चमध्ये,
बर्फानं दगा दिला. घसरगाडी, जाळं, माणूस.
तळ्याच्या तळाचा खडक न् खडक पाठ होता त्यांना.
गाव अजून म्हणतं, ओन्नीसारखं डोकं कुणाचं नाही.
आणि आता पन्नास वर्षांनी एक आकडा सांगतो
की त्यांच्याकडेही एक होता,
न फोडलेला.
पाण्यानं आधी गाठलं. यात कोण वाचलं
ते मी ठरवत नाही.

चार पावलं चाला, सांगतात,
चारचौघांत मिसळा, चार घास कमी खा.
मी सगळं करते.
रात्री डोळे मिटून पेट्या मोजते, वाटेवरच्या,
लाल, कुत्रा, वाकलेली, चिमण्यांचं घरटं असलेली.
परवा सतराव्या पेटीचं नाव आठवेना.
पहाटे अडीचला गाडी काढली. अकरा किलोमीटर.
पेटीच नव्हती तिथे. घर विकलं, खांबसुद्धा उपटलेला.
रस्त्याच्या कडेला एकटीच इतकी हसले
की कुठलंसं कुत्रं भुंकायला लागलं.
नाव मात्र परतीच्या वाटेवरही आठवलं नाही.

इल्पो म्हणाला, मला सांगू नकोस.
मी सांगत नाही. तो माझ्याकडे बघत नाही,
जाळ्याची गाठ बघतो.
आमचं दोघांचं बरं चाललंय.

सेन्याचं तसं नाही.
तिच्यासाठी माझ्याकडे द्यायला दुसरा आकडाच नव्हता.
एकतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी,
आणि हे एक, न बघता,
सुईणीसमोर, हसत हसत दिलं.

जूनमध्ये ती आली ताम्पेरेहून.
मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. मासा धुरावर होता.
कांदा चिरता चिरता तीच म्हणाली,
"आई, मला गणित येतं."
मग बराच वेळ सुरीचाच आवाज.
"मला अजून बघायचं नाही," ती म्हणाली. "पण तू काही लपवतेयस असं वागू नकोस.
तुला जमत नाही ते."

रात्री काठावर गारठा पडला. तिनं खुंटीवरचं
माझं जुनं निळं जाकीट अंगात घातलं
आणि धक्क्यापर्यंत जाऊन परत वळली.
मी पायरीवर होते. उजेड होता, आमच्याकडे जूनमध्ये मावळतच नाही,
तरी एक क्षण, एकच,
मी तिच्या हातांकडे बघितलं.

खिशात रबरबँड निघाले तिला, मूठभर, वाळलेले.
"हे कशाला ठेवलेस?"
गठ्ठे बांधायला, म्हटलं.
असू देत.